युद्धनौकेच्या मागून येणारी जहाजं

ऑलिम्पिक कॅरियर, अ‍ॅस्ट्रल क्वीन, क्लाउड नाइन, रायझिंग स्टार, झेफर, डिमीट्रियस, हितेई कान. वीस वर्षं होत आली तरी ही नावं मला एका दमात म्हणता येतात, आणि म्हटली की त्या काळातले शुक्रवार परत येतात. यातलं एकही जहाज खरं नाही. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या अमेरिकन मालिकेतली ही अंतराळयानं, आणि त्यातही दुय्यम. मालिका ज्या युद्धनौकेच्या नावानं ओळखली जाते तिची चित्रं टी-शर्टांवर असत, तिच्यावरच्या वायपर विमानांच्या प्रतिकृती दुकानांत मिळत. माझा जीव जडला तो तिच्या पाठीमागून येणाऱ्या, कुणी फारसं न पाहिलेल्या नागरी जहाजांच्या ताफ्यावर.

आम्ही तेव्हा न्यू जर्सीत एडिसनला राहत होतो. २००५च्या जानेवारीत साय-फाय वाहिनीवर ही मालिका सुरू झाली. शुक्रवारी रात्री दहाला. आठवड्याचं काम संपलेलं, बाहेर बर्फ, सकाळी उठायची घाई नाही. नवरा पोहे करायचा, समोरच्या घरातली मल्याळी नर्स ड्यूटी नसेल तर केळ्याचे वेफर्स घेऊन यायची, आणि आम्ही तिघं दिवा मालवून बसायचो. त्याआधी साधारण वर्षभर, डिसेंबर २००३मध्ये, दोन रात्रींची मिनी-मालिका झाली होती. ती नवऱ्यानं पाहिली होती, मी नव्हती. त्यानं मला गोष्ट सांगितली ती अशी : बारा ग्रहांवर पसरलेली माणसं, त्यांनीच बनवलेले सायलॉन नावाचे यंत्रमानव, चाळीस वर्षांच्या शांततेनंतर एका दिवसात अणुहल्ला आणि बाराही ग्रह संपले. जुनी झाली म्हणून संग्रहालय होऊ घातलेली गॅलॅक्टिका तेवढी वाचली.

त्यानं न सांगितलेली गोष्ट मला नंतर पाहताना कळली, आणि तीच मला सगळ्यात मोठी वाटली. गॅलॅक्टिकेबरोबर वाचली ती नेमकी त्या वेळी प्रवासात असलेली माणसं. कुणी सुट्टीवर निघालेलं, कुणी माल पोचवायला, कुणी बेड्या घालून एका तुरुंगातून दुसरीकडे. नूहाच्या नावेसारखी कुणी कुणाची निवड केलेली नाही. घरी राहिले ते गेले, वाटेत होते ते उरले. त्यामुळे या ताफ्यात जे आहे ते सगळं योगायोगानं आहे. आलिशान पर्यटक जहाज आहे, पण धान्याचं कोठार पुरेसं नाही. कैद्यांचं जहाज आहे. सांडपाणी शुद्ध करणारं एक आहे. इंधनाचा कारखाना आहे, आणि तो नसता तर सगळं पहिल्याच आठवड्यात संपलं असतं.

राष्ट्राध्यक्षसुद्धा योगायोगानंच. लॉरा रॉझलिन ही शिक्षणमंत्री. पदाच्या वारसाक्रमात तिचा नंबर त्रेचाळिसावा. गॅलॅक्टिकेच्या निरोप समारंभाला जाऊन परत निघालेली, ‘कलोनिअल हेवी ७९८’ नावाच्या साध्या प्रवासी विमानासारख्या जहाजात बसलेली. वरचे बेचाळीस जण गेल्याचं कळतं आणि त्या जहाजाच्या खुर्च्यांमधल्या अरुंद वाटेत उभं राहून ती शपथ घेते. तिथून त्या जहाजाचं नाव होतं ‘कलोनिअल वन’. पुढे तेच राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय, तेच मंत्रालय, तिथेच पत्रकार परिषदा. एक पडदा ओढला की कार्यालय, पडदा सारला की सभागृह. मेरी मॅकडॉनेलनं ही भूमिका अशी केली की शाळेतल्या बाईंचा करारीपणा आणि कर्करोगानं आतून पोखरलेलं शरीर दोन्ही एकाच वेळी दिसावं. तिच्या मेजामागे एक पांढरा फळा टांगलेला असे. त्यावर मार्करनं एकच आकडा लिहिलेला : जिवंत माणसांची संख्या.

तो आकडा दर भागाच्या सुरुवातीच्या पाटीवरही यायचा. पहिल्या भागात ५०,२९८. आम्ही तिघंही आधी तो आकडा बघायचो. मागच्या शुक्रवारपेक्षा किती कमी झाला, याची मनात वजाबाकी होईपर्यंत गोष्ट सुरू झालेली असायची. एखाद्या मोठ्या लढाईत हजार-बाराशे कमी व्हायचे आणि एखाद्या शांत आठवड्यात दोन. नर्स म्हणायची, दोन कमी झाले तेच मला जास्त लागतं, कारण ते आजारानं गेले असणार. गॅलॅक्टिकेवर डॉक्टर कॉटल नावाचा एक म्हातारा, सतत सिगरेट ओढणारा डॉक्टर होता. सगळ्या ताफ्याला पुरून उरणारा. तिला तो फार आवडायचा, आणि त्याची औषधं संपली की काय, ही काळजी तिला दर भागात असायची. पुढे दुसऱ्या वर्षी औषधांच्या काळ्या बाजारावर, प्रोमिथियस नावाच्या जहाजावर, एक पूर्ण भाग आला. भाग तितकासा जमला नव्हता. मालिकेचा कर्ता रोनाल्ड मूर यानंही तसं उघड म्हटलं आहे. पण विषय निघाला याचाच नर्सला आनंद झाला होता.

‘३३’ हा मालिकेचा पहिला नियमित भाग. सायलॉन दर तेहतीस मिनिटांनी ताफ्याला गाठतात. दर तेहतीस मिनिटांनी सगळ्या जहाजांनी प्रकाशापेक्षा वेगानं उडी मारून दुसरीकडे जायचं, की पुन्हा घड्याळ सुरू. पाच दिवस झाले आहेत, दोनशे सदतीस उड्या झाल्या आहेत, कुणी झोपलेलं नाही. पुढच्या उडीत ऑलिम्पिक कॅरियर हे प्रवासी जहाज मागे राहतं. त्यावर तेराशे पंचेचाळीस माणसं. आणि तेहतीस मिनिटं उलटली तरी सायलॉन येत नाहीत. माणसं डोळे मिटतात. मग ते जहाज परत येतं. त्यावर अणुबॉम्ब असल्याची खूण मिळते, पाठोपाठ सायलॉन दिसतात, आणि ते जहाज पाडण्याचा हुकूम सुटतो. आपल्याच वैमानिकांनी, आपल्याच लोकांच्या जहाजावर गोळ्या झाडायच्या. खिडक्यांत माणसं आहेत का? वैमानिक ली अडामा जवळून बघतो, आपणही बघतो, आणि नक्की काही कळत नाही. त्या रात्री भाग संपल्यावर आम्ही दिवा लावला तरी कुणी बोललं नाही. या भागाला त्या वर्षीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं कळण्याआधीच आमच्या घरात तो मिळालेला होता. शेवटी रायझिंग स्टार या जहाजावर एक मूल जन्मतं, आणि रॉझलिन स्वतः उठून फळ्यावरचा आकडा एकानं वाढवते. ४७,९७३.

मिनी-मालिका मी नंतर डीव्हीडी आणून पाहिली, आणि तिच्यातला एक प्रसंग मला ‘३३’पेक्षाही कठीण गेला. हल्ल्यानंतर अंतराळात विखुरलेली जहाजं रॉझलिन गोळा करते. त्यातल्या बऱ्याच जहाजांत दूरवर उडी मारण्याची यंत्रणाच नाही. ती फक्त ग्रहांच्या मधल्या जवळच्या फेऱ्या करणारी. अशाच एका जहाजावर काचेच्या घुमटांखाली बाग आहे, झाडं आहेत, आणि कॅमी नावाची एक लहान मुलगी बाहुली घेऊन बसली आहे. रॉझलिन तिच्याशी बोलते. तेवढ्यात सायलॉन येतात आणि निर्णय घ्यावा लागतो : उडी मारू शकणारे जाणार, बाकीचे राहणार. रेडिओवर मागे राहिलेल्या कप्तानांचे आवाज येत राहतात. आधी विनवण्या, मग शिव्या. कॅमी बाहुली घेऊन बसलेलीच असते. हे बागेचं जहाज १९७२च्या ‘सायलेंट रनिंग’ या चित्रपटातल्या जहाजाची आठवण करून देणारं होतं. १९७८च्या मूळ मालिकेत तर त्या चित्रपटातलीच दृश्यं शेतीच्या जहाजांसाठी वापरली होती.

मूळ मालिकेबद्दल थोडं सांगायला हवं. ग्लेन लार्सननं ती एबीसी वाहिनीसाठी केली, आणि एकाच हंगामात ती बंद पडली. युद्धनौकेचा सेनापती अडामा याच्या भूमिकेत लॉर्न ग्रीन. त्या ताफ्यात दोनशे वीस जहाजं होती. ‘स्टार वॉर्स’च्या चित्रचमत्कारांचा प्रमुख जॉन डायकस्ट्रा यानं त्याची प्रतिकृती-चित्रणं केली. एका मालवाहू जहाजावर घरसामान हलवणाऱ्या कंपनीच्या ट्रकवर असावं तसं नाव रंगवलेलं होतं. ते मला फार आवडतं. विश्व बुडालं तरी पाटी पुसलेली नाही. नव्या मालिकेच्या कलाकारांनी जुन्या ताफ्यातली काही जहाजं संगणकावर पुन्हा उभी करून नव्या ताफ्यात हळूच मिसळली. मी डीव्हीडी थांबवून थांबवून त्यांना शोधायची.

मी वाढले ती दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथांवर. जयंत नारळीकर, बाळ फोंडके. या कथांत बहुधा एक शास्त्रज्ञ असायचा, त्याला काही तरी सापडायचं, आणि आपल्याला विश्वाचा एक नियम कळायचा. ते वाचून मी विज्ञान शाखेकडे वळले, त्यांचं ऋण मोठं आहे. गॅलॅक्टिकेत शास्त्रज्ञ आहे, गायस बाल्टर, पण पहिल्या काही भागांत त्याच्या शोधांपेक्षा पाण्याच्या टाक्यांना महत्त्व येतं. दुसऱ्याच भागात घातपात होतो, गॅलॅक्टिकेच्या टाक्या फुटतात आणि पाण्याचा साठा अवकाशात उडून जातो. मग तोच बाल्टर ताफ्याचा आठवड्याचा शिधा मोजून दाखवतो : ८२ टन धान्य, ८५ टन मांस, ११९ टन फळं, ३०४ टन भाज्या. हे ऐकताना मी उठून बसले होते. कुठल्याही विज्ञानकथेत मी यापूर्वी भाज्यांचं वजन ऐकलं नव्हतं.

मग पाणी आणायचं कुणी? एका चंद्रावर बर्फ सापडतो. तो फोडायला मनुष्यबळ हवं. आणि इथे येते अ‍ॅस्ट्रल क्वीन, कैद्यांचं जहाज. हल्ल्याच्या दिवशीच प्रश्न निघालेला असतो की या कैद्यांना अन्नपाणी कशाला द्यायचं. रॉझलिन ठाम नकार देते, तीही माणसंच. आता त्यांना सांगितलं जातं, बर्फ फोडा, त्या बदल्यात सुटकेच्या दिशेनं गुण मिळतील. कैद्यांचा नेता टॉम झेरेक विचारतो, तुम्हाला निवडून कुणी दिलं? ही भूमिका केली रिचर्ड हॅचनं, जो १९७८च्या मालिकेत नायक अपोलो होता. जुन्या नायकानं नव्या नायकासमोर कैद्याच्या वेशात उभं राहून निवडणुकीची मागणी करावी, यापेक्षा सुंदर पात्रयोजना मी टीव्हीवर पाहिलेली नाही. ली अडामा त्याला निवडणुकीचं वचन देतो, आणि ते वचन पुढे पूर्ण मालिका हलवून सोडतं.

क्लाउड नाइन हे ताफ्यातलं ऐषारामाचं जहाज. मोठा घुमट, आत हिरवळ, रंगवलेलं निळं आकाश. बाकीच्या जहाजांतली माणसं बिनखिडक्यांच्या खोल्यांत महिनोन् महिने काढत असताना इथे झाडाखाली बसता येई. राजकीय अधिवेशन इथे, मेजवान्या इथे. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी त्याच जहाजावर अणुबॉम्ब फुटतो आणि हिरवळ, झाडं, माणसं सगळं जातं. पुन्हा आकडा कमी. त्या हंगामात आकड्याचा आणखी एक कठोर परिणाम दाखवला होता. माणसं कमी होत चालली म्हणून रॉझलिन, आयुष्यभर स्त्रियांच्या हक्कासाठी उभी राहिलेली, गर्भपातावर बंदी घालते. मला ती बंदी तेव्हाही मान्य नव्हती. पण फळ्यासमोर बसलेल्या त्या बाईकडे बघून तिचा राग येत नव्हता, आणि हेच या मालिकेचं सामर्थ्य होतं.

माझं लहानपण कल्याणचं. शेजारी उल्हासनगर. युद्धकाळात सैनिकांसाठी बांधलेल्या छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणून ठेवलं, १९४९ मध्ये गावाला नाव मिळालं, तरी आमच्या लहानपणी कुणी पत्ता सांगताना उल्हासनगर म्हणत नसे. कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार. मला या ताफ्यातल्या जहाजांची नावं तशीच वाटायची. तात्पुरती म्हणून आलेली आणि पत्ता होऊन बसलेली. माझी आई तिथल्या एका शाळेत शिकवायची. तिच्या वर्गात ज्यांच्या आजोबांची सक्करला दुकानं होती अशी मुलं होती, आणि त्या दुकानांची नावं त्या मुलांना तोंडपाठ. ताफ्यातही कुणी स्वतःला नुसतं माणूस म्हणवून घेत नाही. कॅप्रिकाचे श्रीमंत, जेमेनॉनचे धर्मनिष्ठ, सॅजिटेरॉनचे सगळ्यांच्या हेटाळणीचे धनी. ग्रह राखेला मिळाले, पण कोण कुठला हे कुणी विसरलं नाही.

हितेई कानवर मला जास्त लिहायचं आहे. हे टायलियम शुद्ध करणारं जहाज. टायलियम म्हणजे ताफ्याचं इंधन. तिसऱ्या हंगामातल्या ‘डर्टी हँड्स’ या भागात आपण पहिल्यांदा त्याच्या आत जातो. धूर, उष्णता, यंत्रांचा आवाज, आणि पट्ट्यावरून दगड उचलणारी लहान मुलं. हल्ला झाला त्या दिवसापासून या जहाजावरच्या कामगारांना सुट्टी नाही. बदली नाही. आईबापांनी काम केलं, आता मुलं तेच काम शिकत आहेत, कारण ती त्या जहाजावर आहेत. सरकारला मनुष्यबळ हवं असतं तेव्हा आधी कुणी शेतात किंवा कारखान्यात राबलं होतं याच्या याद्या काढल्या जातात. डॅनी नून नावाचा एक मुलगा कॉलेजच्या फीसाठी एक उन्हाळा शेतावर राबला होता, एवढ्यावरून त्याला तिथे पाठवतात, आणि त्याचा हात यंत्रात सापडतो.

मुख्य यंत्रदुरुस्त्या, गॅलॅक्टिकेचा चीफ टायरॉल, हे बघून संप पुकारतो. गॅलॅक्टिकेचा सेनापती अडामा त्याला कैद करतो आणि धमकी देतो की संप मागे घेतला नाही तर त्याच्या बायकोला भिंतीशी उभी करून गोळी घालीन. युद्धात संप म्हणजे बंड, असं त्याचं म्हणणं, आणि त्याच्या जागी उभं राहिलं तर त्यात तथ्यही आहे. टायरॉल संप थांबवतो. आणि मग रॉझलिन त्याला बोलावते. संघटनेला मान्यता मिळते, कामाची पाळी ताफ्यातल्या इतरांनीही वाटून घ्यायची असं ठरतं. एक ओझरता धागा असा की सीलिक्स ही यंत्रविभागातली मुलगी वैमानिक व्हायची परीक्षा पास झालेली असूनही तिला नाकारलेलं असतं, कारण ती हाताखाली फार उपयोगी. शेवटी तिला तिचे पंख मिळतात. मुंबईच्या गिरणी संपाच्या बातम्या घरात वाचल्या जात असताना मी लहान होते. अंतराळातल्या युद्धाच्या मालिकेत कधी कामगार संघटनेचा भाग बघायला मिळेल असं कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. आणि तो भाग दिखाऊ नव्हता. त्यात कुणीही पूर्ण खलनायक नाही.

चौथ्या हंगामात हेच जहाज पुन्हा निर्णायक होतं. सायलॉनांपैकी एका गटाशी तह झाल्यावर त्यांना आपल्या जहाजावर येऊ द्यायला ते नकार देतं आणि उडी मारून गायबच होतं. इंधन गेलं की अख्खा ताफा लंगडा. दिवसचे दिवस हात काळे करणाऱ्या माणसांच्या हातात केवढी सत्ता असते, हे त्या एका उडीनं कळतं. त्याच हंगामात डिमीट्रियसही येतं, सांडपाणी शुद्ध करणारं जहाज. पृथ्वी शोधायची मोहीम वैमानिक स्टारबकला त्याच्यावरून काढावी लागते. मानवजातीच्या मोक्षाचा शोध मैल्याच्या जहाजातून! आणि जहाजावरचा वास, घाम, चिडचिड यांतलं काहीही मालिकेनं झाकलं नाही.

शेवटच्या भागाच्या तीन दिवस आधी, १७ मार्च २००९ रोजी, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात या मालिकेवर चर्चा झाली. मानवी हक्क, दहशतवाद, युद्धातली मुलं असे विषय. व्हूपी गोल्डबर्गनं सूत्रं सांभाळली, सेनापतीच्या भूमिकेतला एडवर्ड जेम्स ओल्मोस आणि मॅकडॉनेल बोलले, आणि सभागृहात देशांच्या नावांच्या जागी बारा वसाहतींच्या पाट्या लावल्या होत्या. हडसन नदीच्या अलीकडे बसून आम्ही ते नंतर पाहिलं. टाळ्या युद्धनौकेच्या सेनापतीसाठी होत्या, पण चर्चा सगळी ताफ्यातल्या लोकांची होती : त्यांना निवडणूक हवी का, त्यांना छळता येतं का, त्यांचं पाणी कुणी आणायचं.

आणि २० मार्चला शेवट. चाळीस हजारांहून कमी उरलेली ती माणसं एका हिरव्या, कोवळ्या पृथ्वीवर पोचतात, आपल्यापेक्षा दीड लाख वर्षं आधी. ली सुचवतो की शहरं नकोत, यंत्रं नकोत, सगळं सोडून नव्यानं सुरुवात करू. आणि जवळजवळ कुणी हरकत घेत नाही. पूर्ण ताफा सॅम अँडर्स या पात्राच्या हाती देऊन सूर्याकडे पाठवला जातो. एकामागोमाग एक ती जहाजं रांगेत जातात, आणि पार्श्वभूमीला बेअर मॅकक्रीरी १९७८च्या मालिकेचं जुनं शीर्षकसंगीत वाजवतो. ते ऐकून मी रडले. नवराही रडला. नर्स म्हणाली, सगळी औषधं घेऊन ठेवली ना, आणि मग तीही रडली.

दृश्य अप्रतिम आहे, पण तो निर्णय मला तेव्हा पटला नाही आणि आजही पटत नाही. गॅलॅक्टिकेचा कणा मोडला होता, ती गेली हे योग्यच. सायलॉनांशी लढायची यंत्रं नकोशी झाली हेही समजतं. पण बाकीची जहाजं म्हणजे नुसती यंत्रं नव्हती. रायझिंग स्टारवर मूल जन्मलं होतं. अ‍ॅस्ट्रल क्वीनवर कैद्यांनी मतदानाचा हक्क मागितला होता. पृथ्वीवर उतरलेल्या त्या माणसांना पुढच्या पिढ्यांना सांगायला बाकी काही राहिलं नसतं, तरी एवढं सांगता आलं असतं की आम्ही या जहाजांतून आलो. त्यांनी एक जहाज तरी ठेवायला हवं होतं. कुठलं, असं मला विचारलं तर मला क्षणभरही विचार करावा लागत नाही. हितेई कान.